मालाडचा जर्मन कॅमेरामन

मालाड स्टेशनला पश्चिमेला उतरा. एस. व्ही. रोडच्या गर्दीतून वाट काढत पुढे गेलात की 'बॉम्बे टॉकीज कंपाउंड' हा पत्ता आजही सापडतो. रिक्षावाल्याला सांगितलं तर तो बरोबर सोडतो. पण आत गेल्यावर सिनेमा शोधू नका. आत गाळे आहेत, छोटे कारखाने आहेत, माल चढवणारे टेम्पो आहेत. एके काळी इथे देशातला सगळ्यात आधुनिक समजला जाणारा स्टुडिओ होता, हे तिथं उभं राहून कुणाला पटणार नाही.

याच जागेत एका जर्मन माणसाने हिंदी सिनेमाला चेहरा कसा उजळायचा हे दाखवलं. त्याचं नाव योसेफ विर्शिंग. सिनेमाच्या श्रेयनामावलीत तुम्हाला तो जोसेफ विर्शिंग म्हणून भेटेल. 'अछूत कन्या', 'महल', 'पाकीजा' ही नावं तुम्ही ऐकली असतील, निदान आजीकडून तरी. या तिन्ही सिनेमांचा कॅमेरा त्याचा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये पोर्ट्रेट मोड आहे. काही फोनमध्ये तर 'स्टुडिओ लाइट' नावाची सोयही आहे. बोट लावलं की चेहरा उजळतो, मागचं सगळं धूसर होतं. ते बटण जे करतं, ते हा माणूस दिवे, पडदे आणि सावल्या हलवून करायचा. एका शॉटसाठी तासन् तास. कॉलेजच्या फेस्टला फोटो काढणारे, रील्ससाठी रिंग लाइट घेतलेले, बीएमएम किंवा फाइन आर्ट्सला असलेले, तुम्हा सगळ्यांना त्याची गोष्ट माहीत असायला हवी. कारण ती नुसती दिव्यांची गोष्ट नाही.

सूर्यावर शिकलेला मुलगा

विर्शिंगचा जन्म 1903 सालचा, म्युनिकचा. तिथेच त्याने कलाशिक्षण घेतलं आणि विशीत असतानाच 'एमेल्का' या म्युनिकच्या मोठ्या फिल्म कंपनीत शिरला. तो काळ जर्मन सिनेमाचा भरात असलेला काळ होता. पहिलं महायुद्ध हरलेला देश, खिशात पैसा नाही, आणि पडद्यावर मात्र लांबच लांब सावल्या, वाकडे जिने, अर्धा चेहरा अंधारात आणि अर्धा उजेडात. उजेड म्हणजे दिसण्यापुरती सोय नव्हे, त्याने भीती, लोभ, प्रेम सांगता येतं, हे तिथल्या कॅमेरामननी जगाला शिकवलं. आल्फ्रेड हिचकॉकने आपला पहिला पूर्ण सिनेमा 1925 मध्ये याच एमेल्काच्या म्युनिकमधल्या स्टुडिओत केला, यावरून त्या जागेचं वजन लक्षात येईल.

नेमकं त्याच वर्षी विर्शिंग म्युनिक सोडून भारतात होता. हिमांशू राय नावाचा एक बंगाली तरुण गौतम बुद्धावर सिनेमा काढायचा म्हणून जर्मनीत भागीदार शोधत फिरत होता. एमेल्का तयार झाली. दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन आणि त्याच्याबरोबर कॅमेऱ्याची छोटी टीम बोटीने मुंबईला आली. टीममधल्या विर्शिंगचं वय होतं 21-22. म्हणजे तुमच्याएवढंच. सिनेमाचं नाव 'प्रेम संन्यास', इंग्रजीत 'द लाइट ऑफ एशिया'. नावातच उजेड.

आता गंमत बघा. या सिनेमाच्या सुरुवातीलाच प्रेक्षकांना सांगितलं जातं की यात स्टुडिओतले सेट नाहीत, कृत्रिम दिवे नाहीत, मेकअप नाही. सावल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुलाला भारतात पहिलं काम मिळालं ते असं: दिवा एकच, तो आकाशात, आणि तो कुणाचं ऐकत नाही.

भारतातल्या दुपारी बारा वाजता मित्राचा फोटो काढून पाहिलाय? डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नाकाखाली मिशीसारखी सावली, कपाळ पांढरंफटक. ऊन डोक्यावरून सरळ खाली पडतं म्हणून हे होतं. उपाय दोनच. एक, सकाळी किंवा संध्याकाळी काम करा, तेव्हा ऊन तिरकं असतं. दोन, माणसाला सावलीत किंवा उन्हाकडे पाठ करून उभं करा आणि समोरून एखाद्या पांढऱ्या किंवा चंदेरी पत्र्याने तेच ऊन चेहऱ्यावर परत टाका. याला रिफ्लेक्टर म्हणतात. गोरेगावच्या फिल्मसिटीत आजही लाइटमन हेच करताना दिसतो. तो पत्रा दोन इंच हलला तरी चेहऱ्यावरचा उजेड बदलतो. दिव्यांशिवाय केलेलं ते काम म्हणजे विर्शिंगची भारतातली पहिली शाळा.

मालाडच्या बंगल्यात

सिनेमा संपला, टीम परत गेली. नऊ वर्षांनी, 1934 मध्ये, बोलावणं पुन्हा आलं. हिमांशू राय आणि त्यांच्या पत्नी देविका राणी यांनी 'बॉम्बे टॉकीज' ही कंपनी काढली होती. जागा होती मालाडला, एफ. ई. दिनशॉ या बड्या उद्योगपतींच्या बंगल्याची. तेव्हाचं मालाड म्हणजे आजचं मालाड नव्हे. झाडं, विहिरी, वाड्या, आणि बी. बी. सी. आय. रेल्वेचं एक शांत स्टेशन. आवाजाचे सिनेमे सुरू झाले होते आणि आवाजाला शांतता लागते. मुंबईच्या गोंगाटातून एवढ्या लांब येण्याचा तो एक फायदा होताच.

ओस्टेन दिग्दर्शनाला, विर्शिंग कॅमेऱ्याला, कार्ल फॉन श्प्रेती सेटला आणि विल्हेल्म झोले लॅबोरेटरीला, अशी जर्मन मंडळी मालाडला आली. पण रायसाहेबांच्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती. या लोकांच्या हाताखाली इथली शिकलेली मुलं ठेवायची आणि त्यांना तयार करायचं. सिनेमात काम करणं हे तेव्हा घरंदाज लोकांना सांगण्यासारखं नव्हतं, आणि इथे मुद्दाम पदवीधर मुलांना घेतलं जात होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर तो स्टुडिओ होता आणि इंटर्नशिपही होती. फिल्म इन्स्टिट्यूट वगैरे काही देशात नव्हतं तेव्हाची ही गोष्ट.

पहिला सिनेमा 'जवानी की हवा' 1935 मध्ये आला. खून, रेल्वे, संशय असा मसाला. त्यानंतर 1939 पर्यंत विर्शिंगने डझनाहून जास्त सिनेमे केले. चार-पाच वर्षांत. हा वेग लक्षात ठेवा, कारण पुढे हा माणूस सात वर्षांच्या आसपास एकही सिनेमा करणार नाही.

जबडा, केस आणि तीन दिवे

1936 मध्ये 'जीवन नैया'चं काम सुरू असताना गडबड झाली. सिनेमाचा हिरो नायिकेला, म्हणजे खुद्द देविका राणींना, घेऊन निघून गेला. देविका राणी परत आल्या, हिरोला मात्र नारळ मिळाला. नवा हिरो आणायचा कुठून? रायसाहेबांनी बोट दाखवलं ते लॅबमध्ये काम करणाऱ्या एका लाजाळू तरुणावर. कायद्याचं शिक्षण सोडून आलेला कुमुदलाल गांगुली. ओस्टेनला तो अजिबात पटला नव्हता. याचा जबडा फार रुंद आहे, हा पडद्यावर चालणार नाही, असं त्याचं मत होतं, असं सांगतात. रायसाहेब हटले नाहीत. कुमुदलालचा अशोककुमार झाला आणि पुढे साठ वर्षं पडद्यावर टिकला.

यात कॅमेरामनचं काम काय, असं वाटेल. तर रुंद जबड्याला कॅमेरामनकडे जुना उपाय आहे. चेहरा किंचित वळवायचा आणि जी बाजू कॅमेऱ्यापासून लांब आहे तिच्यावर मुख्य दिवा टाकायचा. कॅमेऱ्याजवळचा गाल सावलीत जातो आणि चेहरा आपोआप निमुळता दिसतो. उलट केलं, म्हणजे जवळच्या गालावर उजेड टाकला, की तोच चेहरा भरलेला, रुंद दिसतो. माणूस तोच, कपडे तेच. दिवा फक्त इकडचा तिकडे. आरशासमोर फोनचा टॉर्च धरून आत्ता करून बघा.

त्या काळच्या स्टुडिओतल्या चेहऱ्यांमागे बहुतेक वेळा तीन दिवे असत आणि आजही शिकताना हेच तीन पहिल्यांदा शिकवतात. पहिला की लाइट. हा मुख्य. साधारणपणे कॅमेऱ्याच्या एका बाजूला, डोळ्यांच्या वर, तिरका. नाकाची सावली कुठे पडते ते बघायचं. तीवरून दिवा बरोबर लागलाय का ते कळतं. सावली ओठांवरून खाली गेली तर दिवा फार वर आहे. गालावर फार लांब पसरली तर फार बाजूला आहे. दुसरा फिल. हा मुख्य दिव्याने केलेली सावली थोडी हलकी करतो. किती हलकी करायची यावर मूड ठरतो. पूर्ण घालवली तर कॉमेडी किंवा साबणाची जाहिरात, जवळजवळ तशीच ठेवली तर भुताची गोष्ट. तिसरा बॅक लाइट. मागून, वरून, केसांवर आणि खांद्यांवर.

हा तिसरा दिवा आपल्याकडे फार महत्त्वाचा. कृष्णधवल फिल्मवर रंग नसतात, फक्त काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या असतात. आपले केस काळे. मागची भिंत गडद असेल तर केस भिंतीत विरघळतात आणि चेहरा हवेत तरंगणाऱ्या मुखवट्यासारखा दिसतो. मागून एक दिवा पडला की केसांना रुपेरी कड येते आणि माणूस भिंतीपासून सुटा होतो. देविका राणींचे त्या काळचे फोटो बघितलेत तर केसांवरची ती कड आधी नजरेत भरते.

आणखी एक साधा नियम. दिव्याचं अंतर दुप्पट केलं तर उजेड निम्मा होत नाही, पावपट होतो. अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये हे तुम्ही घोकलं असेल. कॅमेरामनला ते रोज वापरावं लागतं. नायिका दिव्यापासून एक पाऊल मागे सरकली की सगळं गणित बदलतं. म्हणून त्या सिनेमांत नट-नट्या खुणेवर येऊन थांबताना दिसतात. खूण चुकली तर चेहरा गेला.

उजेड कुणावर

1936 चाच 'अछूत कन्या'. रेल्वे फाटकावर काम करणाऱ्या दलित माणसाची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण मुलगा प्रताप यांची गोष्ट. देविका राणी आणि अशोककुमार. बाबासाहेबांचा महाडचा सत्याग्रह होऊन नऊ वर्षं झाली होती, येवल्याची घोषणा होऊन जेमतेम वर्ष. अशा वेळी अस्पृश्यतेवर मोठ्या स्टुडिओने सिनेमा काढणं ही लहान गोष्ट नव्हती. सिनेमा खूप चालला.

पण आज तो बघताना एक गोष्ट खटकते आणि खटकायला हवी. फाटकावरच्या गरीब घरातली कस्तुरी रेखीव भुवयांची आहे, तिची त्वचा चंद्रासारखी चमकते, क्लोजअपमध्ये तिच्यावर पडणारा उजेड एखाद्या युरोपियन स्टारवर पडतो तसा आहे. म्हणजे गोष्ट जातीच्या विरोधात आणि चेहरा मात्र उच्चभ्रू दिवाणखान्यातला. यात एकट्या विर्शिंगचा दोष काढण्यात अर्थ नाही. कंपनीला स्टार विकायची होती, प्रेक्षकाला स्टार हवी होती आणि हॉलिवूडपासून बर्लिनपर्यंत तीच पद्धत होती. तरीही नायिका उजळ म्हणजे गोरी हे समीकरण आपल्या पडद्यावर जे पक्कं होत गेलं, त्यात या सुंदर उजेडाचा वाटा आहेच.

तुमच्या फोनमधलं ब्यूटी फिल्टर हेच करतं. न विचारता दोन शेड उजळ करतं. त्यामुळे पोर्ट्रेट शिकताना हा फरक स्वतःला समजावून ठेवा: चेहऱ्यावर उजेड टाकणं वेगळं आणि चेहरा गोरा करणं वेगळं. सावळ्या त्वचेला जास्त उजेड मारून ती छान दिसत नाही, उलट धुतल्यासारखी दिसते. तिला मोठा, मऊ उजेड बाजूने द्या. मोठी खिडकी, पांढरी भिंत, पांढरी चादर. त्या मोठ्या उजेडाचं प्रतिबिंब गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या कडेवर उमटतं आणि चेहऱ्याला आकार येतो. रंग तोच राहतो, चेहरा मात्र दिसायला लागतो.

विर्शिंगकडे सिनेमाच्या कॅमेऱ्याशिवाय एक लायका होता. सिनेमाच्याच 35 मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा, 1925 मध्ये बाजारात आलेला. तो त्याने सेटवर सतत वापरला. नट-नट्यांची पोर्ट्रेट तर काढलीच, पण युनिटमधली माणसं, शूटिंगच्या तयारीतली गडबड, दोन शॉटमधला कंटाळा हेही टिपलं. पडद्यावर ज्यांना उजेड मिळाला नाही अशी कितीतरी माणसं या फोटोंत आहेत.

सप्टेंबर 1939

बॉम्बे टॉकीजचा 'कंगन' बनत होता. नायिका नवी होती, आपल्या लीला चिटणीस. धारवाडला जन्मलेल्या, बी. ए. झालेल्या, मराठी रंगभूमीवरून सिनेमात आलेल्या. पदवीधर नटी म्हणून तेव्हा त्यांचं कौतुक होतं. अशोककुमारबरोबरची त्यांची जोडी याच सिनेमाने जमवली. दोनच वर्षांनी, 1941 मध्ये, लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या. त्यांचं 'चंदेरी दुनियेत' हे आत्मचरित्र तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत असेल तर जरूर काढा.

3 सप्टेंबर 1939 ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. भारताला कुणी विचारलं नाही, भारतही युद्धात गेला. आणि मालाडच्या स्टुडिओतले दिग्दर्शक, कॅमेरामन, तंत्रज्ञ एका दिवसात शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. ओस्टेन नाझी पक्षाचा सदस्य होता हे नंतर उघड झालेलं आहे. पण पोलिसांनी त्या आठवड्यांत पक्ष बघितला नाही, पासपोर्ट बघितला. देशभरातले जर्मन पुरुष सरसकट पकडले गेले. मिशनरी, व्यापारी, इंजिनियर, आणि हे सिनेमावाले. मुंबईकडच्या लोकांना आधी अहमदनगरच्या छावणीत नेलं जाई, पुढे अनेकांची रवानगी देहरादूनच्या मोठ्या छावणीत झाली. त्याच देहरादूनच्या तारांखालून 1944 मध्ये हाइनरिश हारर निसटून तिबेटला पोचला, ती गोष्ट तुम्ही ब्रॅड पिटच्या सिनेमात पाहिली असेल.

ओस्टेन वयस्क होता, त्याला 1940 मध्ये जर्मनीला परत जाऊ दिलं. विर्शिंग 36 वर्षांचा होता. तो मागे राहिला, तारांच्या आत, युद्ध संपेपर्यंत. कॅमेरामनची ऐन उमेदीची वर्षं. बाहेर काय काय होऊन गेलं बघा. मे 1940 मध्ये हिमांशू राय गेले. कंपनीत दोन तट पडले. अशोककुमार, शशधर मुखर्जी वगैरे मंडळींनी बाहेर पडून 1943 मध्ये गोरेगावला फिल्मिस्तान काढला, तोही एस. व्ही. रोडवरच. देविका राणींनी 1944 च्या 'ज्वार भाटा'मधून दिलीपकुमार नावाचा मुलगा पडद्यावर आणला आणि पुढच्या वर्षी लग्न करून सिनेमाच सोडला.

पण एक गोष्ट थांबली नाही. कॅमेरा. विर्शिंगच्या हाताखाली तयार झालेल्या आर. डी. परींजांनी तो उचलला. 1943 चा 'किस्मत' हा त्या काळातला सगळ्यात मोठा हिट, कलकत्त्याच्या एका थिएटरात तीन वर्षांहून जास्त चाललेला. त्याचं छायाचित्रण परींजांचं. गुरू छावणीत आणि चेल्याने काढलेला सिनेमा देशभर गाजतोय. हिमांशू रायांची ती इंटर्नशिपची कल्पना किती शहाणपणाची होती हे तेव्हा कळलं. ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात राहिलं असतं तर 1939 मध्येच स्टुडिओचे दिवे गेले असते.

महालातला अंधार

युद्ध संपल्यावर विर्शिंग सुटला. त्याचं म्युनिक बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालं होतं. जर्मनीला परत जाऊन पुन्हा सुरुवात करता आली असती. तो मालाडला परत आला. तोवर अशोककुमारही बॉम्बे टॉकीजमध्ये परतला होता, आता मालक म्हणून. ज्याच्या जबड्यावरून वाद झाला होता तोच आता कंपनी चालवत होता.

1949 मध्ये आला 'महल'. दिग्दर्शक कमाल अमरोही, नायिका 16 वर्षांची मधुबाला. रात्री एक माणूस नव्याने विकत घेतलेल्या वाड्यात येतो. भिंतीवरची एक तसबीर पडते. तो उचलून बघतो तर तसबिरीत त्याचाच चेहरा, आणि ती तसबीर वाड्याच्या केव्हाच मेलेल्या मालकाची. मग एक आवाज, एक झोपाळा, अंधारात दिसून नाहीशी होणारी एक मुलगी.

हा सिनेमा यूट्यूबवर शोधा आणि रात्री खोलीतले दिवे बंद करून बघा. आवाज बंद केलात तरी चालेल, पण मग विशीतल्या लताबाईंचं ते गाणं बुडेल, त्यामुळे नकोच. बघायचं ते इतकंच की पडद्याचा किती भाग काळा आहे. निम्म्याहून जास्त. म्युनिकमध्ये विशीत पाहिलेल्या सावल्या हा माणूस चाळिशी ओलांडल्यावर मालाडच्या सेटवर घेऊन आला. मधुबालाचा चेहरा अंधारातून येतो, काही क्षण उजेडात थांबतो आणि परत जातो. नवशिक्या फोटोग्राफरला वाटतं की आपलं काम दिवे लावायचं. 'महल' बघितल्यावर कळतं की अर्धं काम दिवे न लावायचं असतं. काय लपवायचं हे ठरलं की काय दाखवायचं ते आपोआप ठरतं.

अर्धी राहिलेली 'पाकीजा'

'महल' गाजला तरी बॉम्बे टॉकीज वाचली नाही. 1950 चं दशक मध्यावर येईपर्यंत स्टुडिओ बंद पडला. विर्शिंग कमाल अमरोहींबरोबर राहिला. 1960 चा 'दिल अपना और प्रीत पराई' त्याने केला. हॉस्पिटलमधली गोष्ट, पांढऱ्या कपड्यातली मीना कुमारी. पांढरे कपडे, पांढऱ्या भिंती, आणि तरी चेहरा सगळ्यात आधी दिसायला हवा. ज्याने कधी पांढऱ्या शर्टातल्या मित्राचा उन्हात फोटो काढलाय त्याला हे किती अवघड आहे ते कळेल.

आणि मग 'पाकीजा'. अमरोहींनी तो 1950 च्या दशकातच सुरू केला, कृष्णधवल. नंतर रंगीत करायचं ठरलं, सिनेमास्कोप आलं, केलेलं काम बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात झाली. आयुष्यभर राखाडी रंगाच्या पायऱ्या मोजलेल्या माणसाला लाल गालिचा, सोनेरी जर आणि झुंबरांच्या उजेडात चेहरा सांभाळायचा होता. रंग आला की डोळा चेहऱ्यावरून कपड्याकडे पळतो. 'पाकीजा'तल्या कोठ्यावरच्या दृश्यांत एवढ्या रंगातही नजर शेवटी मीना कुमारीवर येऊन थांबते.

1964 मध्ये अमरोही आणि मीना कुमारी वेगळे झाले. काम थांबलं. ते पुन्हा सुरू झालं 1969 मध्ये, पण विर्शिंग त्याआधीच, जून 1967 मध्ये, मुंबईत वारला. वय 64. उरलेलं काम वेगवेगळ्या कॅमेरामननी पूर्ण केलं. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो उजेड जुळवण्याचा. पाच वर्षांनी थकलेला, आजारी चेहरा जुन्या शॉटच्या शेजारी चालला पाहिजे. फेब्रुवारी 1972 मध्ये सिनेमा लागला. श्रेयनामावलीत छायाचित्रणाला नाव विर्शिंगचंच. दोन महिन्यांच्या आतच, 31 मार्चला, मीना कुमारीही गेल्या. म्हणजे हा सिनेमा लोकांनी गर्दी करून बघितला तेव्हा कॅमेऱ्यामागचा माणूस नव्हता आणि थोड्याच दिवसांत समोरचाही चेहरा राहिला नाही. राहिला तो फक्त त्या दोघांमधला उजेड.

पेटाऱ्यातले चेहरे

विर्शिंगचे फोटो मात्र घरच्यांनी जपले. हजारो निगेटिव्ह. आपल्या दमट हवेत फिल्मला बुरशी धरते, कड्या चिकटतात, व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. बॉम्बे टॉकीजच्या स्टुडिओचं काय झालं ते तुम्ही मालाडला बघालच. फोटोंचंही तसंच होऊ शकलं असतं. पुढच्या पिढीने ते गोव्यात सांभाळले, स्कॅन केले, आणि 2017 मध्ये पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवात त्यांचं प्रदर्शन झालं. पुढे पुस्तकही निघालं. तोवर सिनेमाचा अभ्यास करणाऱ्यांतही विर्शिंगला ओळखणारे थोडेच होते.

म्हणून दोन कामं सांगते. पहिलं घरातलं. आजी-आजोबांचा एखादा स्टुडिओत काढलेला जुना फोटो असेलच, लग्नानंतरचा किंवा नोकरीच्या अर्जासाठीचा. तो काढा. नाकाची सावली बघून मुख्य दिवा कुठे होता ते ओळखा. डोळ्यात चमकणारा पांढरा ठिपका बघा. तो म्हणजे त्या दिव्याचं प्रतिबिंब. केसांवर कड आहे का बघा. मग फोटोच्या मागे, पेन्सिलने, हलक्या हाताने, नाव आणि साल लिहा. ते आत्ता सांगणारं माणूस घरात आहे.

दुसरं काम खिडकीतलं. भिंतीतला दिवा, ट्यूबलाइट, रिंग लाइट सगळं बंद करा. घरातल्या कुणाला तरी खिडकीच्या बाजूला बसवा, खिडकी एका गालाला येईल अशी. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा किंवा जुना पांढरा टॉवेल धरा. तो जवळ आणा, लांब न्या. सावली हलकी होते, गडद होते. दहा फोटो काढा, फिल्टर न लावता. मॉडेल म्हणून ज्यांचे फोटो घरात कुणी कधी नीट काढले नाहीत त्यांना निवडा. आईला, कामवाल्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमन काकांना. विचारून, त्यांना चालत असेल तरच. आणि काढलेला फोटो प्रिंट करून त्यांच्या हातात द्या.

मालाडच्या त्या कंपाउंडमध्ये तुम्हाला विर्शिंगचा पुतळा मिळणार नाही. त्याची खूण बघायची तर 'महल' लावा, मधुबाला झोपाळ्यावर येईपर्यंत थांबा आणि दिवा कुठून येतोय ते शोधा.